तिघांचे ६२४ आवाज

टेप कापायचं ब्लेड लोहचुंबकाच्या आसपास ठेवायचं नाही, हा रेडिओच्या नोकरीतला माझा पहिला धडा. ब्लेडात चुंबकत्व शिरलं, की ते फितीला जिथे लागेल तिथे ‘टिक्’ असा बारीक आवाज उमटतो आणि मग तो काही केल्या जात नाही. दुसरा धडा काप तिरका घालण्याचा. सरळ कापलं तर जोड एका फटक्यात हेडवरून जातो आणि कानाला ठेच लागते. तिरकं कापलं तर एक आवाज ओसरता ओसरता दुसरा आत येतो. दोन्ही चाकं हाताने मागेपुढे करायची, वक्त्याचा श्वास नेमका कुठे सुरू होतो ते हुडकायचं, तिथे पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, फीत खाचेत बसवायची आणि ब्लेड ओढायचं. मग पांढरी चिकटपट्टी लावून नखाने घासायची, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. पंधरा मिनिटांच्या भाषणातून खोकले, पानं उलटल्याचे आवाज आणि मुख्य म्हणजे ‘अऽऽ’ काढून टाकणं हे आमचं काम. भल्याभल्या विद्वानांचे ‘अऽऽ’ माझ्या पायाशी केराच्या टोपलीत पडलेले आहेत.

म्हणून मला टेन सीसी या इंग्रजी बँडच्या ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ या गाण्याविषयी जरा जास्तच वाटतं. आम्ही जे कापून फेकत होतो, तेच ‘आऽऽ’ गोळा करून या लोकांनी १९७५ साली गाणं उभं केलं. त्यात व्हायोलिनं नाहीत, चर्चचा कोरस नाही. पाठीमागे ढगासारखं जे काही सरकत राहतं ते सगळं तीन माणसांच्या गळ्यातलं आहे, आणि बाकीचं काम ब्लेड, चिकटपट्टी आणि फितीचं.

आमच्याकडे पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम करणारा एक गोंयकार सहकारी होता. गाणं पहिल्यांदा ऐकवलं त्याने. मी विचारलं, “एवढा मोठा कोरस कुठला रे?” तो म्हणाला, “कोरस ना बाबा. तीनच माणसं. तुझंच काम केलंय त्यांनी, फक्त उलटं.” त्याने कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकात वाचलं होतं. मी ते गाणं टेपकाप्याच्या कानांनी पुन्हा ऐकलं, आणि अजूनही तसंच ऐकतो.

फितीचा धंदा तेव्हा फार जुना नव्हता. त्याचं मूळ सिगारेटच्या कागदात आहे, हे ऐकून लोक हसतात. जर्मनीत ड्रेस्डेनला फ्रिट्झ फ्लॉयमर नावाचा माणूस सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टी चढवण्याच्या खटपटीत होता. कागदावर धातूची पूड पक्की बसवण्याची ती युक्ती वापरून १९२८ साली त्याने लोहाच्या पुडीची कागदी फीत तयार केली. पुढे एईजी आणि बीएएसएफ या कंपन्यांनी तिचं यंत्र आणि चांगली फीत बनवली. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांनी पाहिला. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकन सैन्यातल्या इंजिनिअरने अशी दोन यंत्रं सुटी करून टपालाने घरी धाडली. तिकडे बिंग क्रॉस्बी हा गायक वैतागलेला होता, कारण अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांच्या घड्याळात तीन तासांचं अंतर आणि कार्यक्रम थेट करायचा तर एकच विनोद एका संध्याकाळी दोनदा मारायचा. मलिनची यंत्रं पाहून त्याने १९४७पासून कार्यक्रम फितीवर घ्यायला सुरुवात केली. आमच्या जातीचा आद्यपुरुष मी मलिनलाच मानतो. क्रॉस्बीच्या कार्यक्रमात एका विनोदवीराने जरा चावट किस्से सांगितले. ते हवेत सोडण्यासारखे नव्हते, म्हणून कापले. पण त्यांवर श्रोते पोट धरून हसले होते, ते हसू मात्र जपून ठेवलं, आणि नंतर एका मिळमिळीत कार्यक्रमात चिकटवलं. टेलिव्हिजनवरच्या खोट्या हशाची ती सुरुवात.

एका फितीवर एकाहून जास्त ट्रॅक शेजारीशेजारी ठेवायचे, एक वाजवत असताना दुसऱ्यावर भर घालायची, हे अमेरिकेत गिटारवादक लेस पॉलने नेटाने केलं. १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने त्याला आठ ट्रॅकचं यंत्र करून दिलं. इंग्लंडात मात्र बीटल्सने आपली गाजलेली बरीचशी कामं चार ट्रॅकवरच उरकली. सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत दोन इंच रुंदीच्या फितीवर सोळा ट्रॅक आले, आणि आपल्या गाण्याला लागणारी हत्यारं जमली.

आता हे गाणं जिथे झालं ते स्टॉकपोर्ट. मँचेस्टरच्या दक्षिणेला असलेलं, गिरण्यांचं आणि हॅटींचं गाव. इथल्या कारखान्यांनी एके काळी साऱ्या इंग्लंडच्या डोक्यावर टोप्या घातल्या. गावच्या फुटबॉल संघाला आजही ‘हॅटर्स’ म्हणतात. गावावरून रेल्वेचा २७ कमानींचा विटांचा पूल जातो, १८४० सालचा, आणि त्याला एक कोटी दहा लाखांच्या आसपास विटा लागल्या असं सांगतात. पॉप संगीताशी या गावाचा संबंध असण्याचं काही कारण नव्हतं. रेकॉर्ड करायचं तर लंडनला जायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. गाडीभाडं, हॉटेल, आणि तासावर मोजलेला स्टुडिओ. घड्याळाकडे बघत गायचं.

पीटर टॅटर्सॉल हा बिली जे. क्रेमरच्या बँडबरोबर सामान वाहून नेणारा, दौरे सांभाळणारा माणूस. त्याने १९६७च्या सुमारास स्टॉकपोर्टमध्ये एका रेकॉर्डच्या दुकानावरचा छोटा स्टुडिओ घेतला. एरिक स्ट्युअर्ट त्याच्यात भागीदार झाला. हा ‘माइंडबेंडर्स’ या बँडचा गायक-गिटारवादक. बँडचं नशीब ओसरत चाललं होतं आणि त्याला रेकॉर्डिंगच्या यंत्रांचा नाद लागला होता. लवकरच दोघांनी वॉटरलू रोडवर मोठी जागा घेतली आणि नाव ठेवलं ‘स्ट्रॉबेरी’. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’वरून. टेपवाल्यासाठी याहून शुभ नाव दुसरं नाही. ते गाणं म्हणजे दोन वेगळ्या रेकॉर्डिंगांची गाठ आहे. लय वेगळी, पट्टी वेगळी, आणि जॉन लेननला एकाचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध हवा होता. जॉर्ज मार्टिन आणि जेफ एमरिक यांनी एकाचा वेग वाढवून, दुसऱ्याचा उतरवून गाणं सुरू झाल्यावर मिनिटभराने जोड घातला. माहीत असेल तर ऐकू येतो, नसेल तर शंकाही येत नाही.

ग्रॅहम गुल्डमन पुढे स्ट्रॉबेरीचा भागीदार झाला. त्याने विशीच्या आसपास यार्डबर्ड्ससाठी ‘फॉर युअर लव्ह’ आणि हॉलीजसाठी ‘बस स्टॉप’ लिहून ठेवलं होतं. पुढच्या टेन सीसीतले उरलेले दोघे, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम, चित्रकलेच्या शाळेतले विद्यार्थी. नव्या यंत्रावर ड्रमचा आवाज कसा येतो ते तपासताना स्ट्युअर्ट, गॉडली आणि क्रीम यांनी जे काही बडवलं, त्यातून ‘निअँडरथल मॅन’ नावाचं गाणं झालं आणि १९७० साली ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. यंत्राच्या चाचणीतून हिट गाणं! मला वाटतं या चौघांचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आला. अमेरिकेचा नील सेडाका बुडत चाललेलं नाव सावरायला १९७२ साली याच स्टुडिओत येऊन गायला, आणि त्याच्यामागे वाजवायला हेच चौघे होते. त्याच वर्षी ते ‘टेन सीसी’ झाले. पुढच्या वर्षी ‘रबर बुलेट्स’ पहिल्या क्रमांकावर.

या सगळ्यात एक गोष्ट मोलाची आहे. त्यांचा स्टुडिओ त्यांचा होता. गाणी तेच लिहीत, तेच गात, तेच वाजवत, आणि काचेपलीकडे बटणांवरही त्यांच्यातलाच स्ट्युअर्ट बसे. तासाचं भाडं कोणी मागत नव्हतं. लंडनच्या भाड्याच्या स्टुडिओत तीन आठवडे नुसतं ‘आऽऽ’ म्हणायला कोणत्या कंपनीने पैसे दिले असते?

गाण्याचं बीज घरगुती आहे. स्ट्युअर्टची बायको ग्लोरिया त्याला म्हणाली, तुम्ही माझ्यावर प्रेम आहे असं पुरेसं म्हणतच नाही. त्याचं म्हणणं, उठताबसता म्हटलं तर त्या शब्दांत काय उरणार? मग त्याने ते न म्हणता म्हणायची वाट शोधली. गाण्यातला माणूस सांगत राहतो की छे, मी प्रेमात वगैरे काही नाही, आणि प्रत्येक सबबीगणिक जास्तच उघडा पडतो. भिंतीवर तिचं चित्र आहे, पण ते म्हणे भिंतीवरचा डाग झाकायला. मराठी नवऱ्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरीही याच विषयावर अधूनमधून सुनावणी होते, आणि आरोपी हीच बाजू मांडतो.

स्ट्युअर्ट आणि गुल्डमन यांनी मिळून ते पहिल्यांदा बोसानोव्हाच्या ठेक्यावर बांधलं आणि रेकॉर्डही केलं. गॉडलीला ते अजिबात आवडलं नाही आणि त्याने ते तोंडावर सांगितलं. टेप पुसून टाकली. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. फीत महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची रीत सगळीकडेच होती. मी रात्र जागून जोडलेलं एक नभोनाट्य असंच पुसलं गेलं, आणि त्या फितीवर बाजारभाव चढले. स्ट्रॉबेरीत मात्र झालं असं, की टेप पुसली तरी चाल स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या तोंडातून जाईना. येता जाता कोणीतरी ती गुणगुणायचं. तेव्हा पुन्हा विचार सुरू झाला, आणि ज्याने गाण्याला मोडीत काढलं होतं त्या गॉडलीनेच तोडगा सुचवला. वाद्यं नकोतच, सगळं आवाजांवर करू.

आवाजांवर म्हणजे किती? तीन माणसं दहा सेकंद ‘आऽऽ’ धरतील, मग श्वास घ्यावा लागेल. गाणं सहा मिनिटांचं. अशा कामासाठी बाजारात एक यंत्र होतं. मेलोट्रॉन. १९६३पासून बर्मिंगहॅमला तयार होणारी ही पेटी. तिच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा एकेक तुकडा असे, त्यावर बासरी, व्हायोलिनं किंवा कोरस आधीच घेतलेला. पट्टी दाबली की तुकडा हेडवरून सरके, सोडली की स्प्रिंगने मागे जाई. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या सुरुवातीची बासरी याच पेटीतली. पण तुकडा सुमारे आठ सेकंदांचा. आठ सेकंदांनी मेलोट्रॉनलाही दम लागे.

क्रीम म्हणाला, फितीचा फेरा करू. म्हणजे तुकड्याची दोन टोकं एकमेकांना जोडायची आणि तो गोल गोल फिरवत ठेवायचा. फेऱ्याला शेवट नाही, म्हणून ‘आऽऽ’लाही शेवट नाही. फेरे त्याआधीही लोक वापरत होते. बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेत, पॅरिसच्या प्रयोगशील संगीतकारांकडे ती नेहमीची गोष्ट होती. पण त्यांचा उपयोग बहुधा चमत्कारिक आवाजांसाठी. इथे एका प्रेमगीताला फेऱ्यांवर बसवायचं होतं.

मग काम सुरू झालं. गॉडली, क्रीम आणि गुल्डमन माइकसमोर उभे राहिले आणि एकाच सुरात ‘आऽऽ’ लावला. पुन्हा लावला. असा सोळा वेळा, सोळा ट्रॅक भरेपर्यंत. तिघांचे सोळा वेळा म्हणजे ४८ आवाज, सगळे एकाच सुरावर. स्ट्युअर्टने ते सोळा ट्रॅक एकत्र करून स्टिरिओ फितीवर उतरवले. हा एक सूर झाला. मग पुढचा. सप्तकातले बारा स्वर आणि वरचा षड्ज, असे तेरा. ४८ गुणिले १३, ६२४. तीन आठवडे हेच. पंडितजींना तीन तास षड्ज लावायला सांगितला तर साधना म्हणतात. या बिचाऱ्यांना चक्कर येत असणार.

माणूस तोच सूर सोळांदा लावतो तेव्हा तो कधीच तंतोतंत तोच नसतो. केसभर वर, केसभर खाली, कधी श्वास जरा आधी सुटलेला. यंत्राने एकाच आवाजाच्या ४८ नकला केल्या असत्या तर आवाज फक्त मोठा झाला असता. इथे प्रत्येक वेळचा फरक आत शिल्लक आहे. गाणं मऊ लागतं ते या बेसुरेपणाच्या केसभर अंशामुळे, असं माझं मत आहे आणि ते मी शास्त्रीय संगीतवाल्या मित्रांसमोरही सोडलेलं नाही.

फेरा किती लांब करायचा, हा खरा टेपकाप्याचा प्रश्न. छोटा केला तर जोड सारखा हेडवरून जाणार आणि दर वेळी ‘टुप्’ करणार. स्ट्युअर्टने फेरे सुमारे बारा फुटांचे केले. स्टुडिओतला सेकंदाला पंधरा इंचांचा नेहमीचा वेग धरला, तर बारा फुटांच्या एका फेरीला साडेनऊ सेकंद लागतात. एवढ्या अंतराने येणारा टुप् बाकीच्या आवाजात बुडून जातो, फक्त सगळ्या सुरांचे जोड एकाच क्षणी येऊ द्यायचे नाहीत. पण बारा फुटांची फीत यंत्रावर मावणार कशी? एका बाजूला ती रेकॉर्डरच्या हेडमधून घातली, आणि दुसरं टोक खोलीत दूर उभ्या केलेल्या माइकच्या स्टँडवर बसवलेल्या गुळगुळीत चाकावरून फिरवून आणलं. ताण नेमका हवा. सैल पडली तर सूर उतरणार, ओढली गेली तर फीत लांबून सूर डगमगणार. खोलीभर फीत फिरते आहे, कोणी पंखा लावायचा नाही, कोणी शेजारून जोरात चालायचं नाही. असला प्रकार मी एकदाच केला आहे, नदीचा आवाज अखंड हवा होता म्हणून, तेव्हा स्टँडच्या जागी खुर्चीत बसलेल्या शिपायाच्या हातात पेन्सिल दिली होती. पाच मिनिटांत त्याला पेंग आली आणि नदी संथ वाहू लागली.

एकेका सुराचा फेरा असा मिनिटांमागून मिनिटं फिरवून सोळा ट्रॅकच्या मोठ्या फितीवर उतरवला. आता मिक्सरच्या टेबलावर एक दांडी वर सरकवली की षड्ज, शेजारची सरकवली की कोमल ऋषभ. आवाज कमीजास्त करायचं टेबल म्हणजेच वाद्य झालं. चौघे त्याच्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले, दांड्या वाटून घेतल्या आणि गाण्यातली सुरावट बदलेल तसे तीन-चार सूर वर, बाकीचे खाली, असं गाणंभर वाजवलं. बोटांनी वाजवायच्या पेटीसारखं हे झटपट होत नाही. दांडी सरकायला वेळ लागतो, म्हणून एक सूरसंगती दुसरीत विरघळत जाते. गाण्यात जो पाण्याखालचा संथपणा आहे, तो भावनेतून आला असं लोक म्हणतात. मला तो दांड्यांच्या लांबीतून आलेला दिसतो.

आणि एक हुशारी. प्रत्येक दांडीच्या तळाशी त्यांनी चिकटपट्टी आडवी लावली, जेणेकरून दांडी पूर्ण खाली जाऊच नये. म्हणजे गरज नसलेले सूरही पूर्ण बंद होत नाहीत. सगळेच्या सगळे अगदी बारीक आवाजात तळाला चालू राहतात, आपल्या मैफलीत गवई थांबला तरी तानपुरा चालू राहतो तसे. फितीवरून फितीवर उतरवत गेलं की ‘सूंऽ’ असा खरखरीचा आवाज साचत जातो. आमच्या धंद्यात तो शत्रू. इथे त्याच्यात श्वास मिसळले आणि तो गाण्याचा भाग झाला. चिकटपट्टीचं याहून चांगलं काम मी पाहिलेलं नाही, आणि मी पुष्कळ चिकटपट्टी वापरली आहे.

त्यावर बाकीचं बेताचंच. स्ट्युअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, गुल्डमनची गिटार, आणि मूग सिंथेसायझरवर काढलेला हृदयाच्या ठोक्यासारखा ढोल. मधल्या भागात सगळं थांबतं आणि एका बाईची कुजबुज येते, रडू नकोस अशा अर्थाची. ती स्टुडिओची सेक्रेटरी कॅथी रेडफर्न. स्ट्युअर्टसाठी फोन आला आहे हे सांगायला तिने दार हळूच उघडलं आणि रेकॉर्डिंग चालू असेल या भीतीने दबक्या आवाजात बोलली. क्रीम ओरडला, हाच तो आवाज! बाई आधी तयार होईना. शेवटी माइकसमोर उभी राहिली आणि पॉप संगीताच्या इतिहासात गेली. शेवटी जे किणकिणत राहतं, ते लहान मुलांच्या खेळण्यातलं म्युझिक बॉक्स आहे.

आमच्या मुंबईत त्या काळी कसं चालायचं ते आठवलं की मौज वाटते. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये सिनेमाच्या एका गाण्याला पन्नास-साठ, कधी शंभर वादक बसत. त्यांतले निम्मेअधिक व्हायोलिनवाले आणि ट्रम्पेटवाले गोव्याचे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा अरेंजमेंट लिहीत, कागद वाटले जात, आणि गायकासकट सगळे एका दमात वाजवत. कोणा एकाची तार तुटली की सगळं पहिल्यापासून. तिकडे तीन माणसांनी तीन आठवड्यांत ६२४ माणसं केली, इकडे शंभर माणसं चार मिनिटांत एक होत. दोन्ही कष्टाचीच कामं. मुंबईचं मला जास्त अवघड वाटतं, स्टॉकपोर्टचं जास्त चिकाटीचं.

‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ हा अल्बम १९७५च्या मार्चमध्ये आला. हे गाणं ऐकूनच मर्क्युरी कंपनीने त्यांच्याशी दहा लाख डॉलरचा करार केला असं सांगतात. तरी पहिलं सिंगल म्हणून कंपनीने दुसरंच गाणं काढलं. सहा मिनिटांचं प्रेमगीत रेडिओवाले वाजवतील कसे, ही चिंता. मे महिन्यात शेवटी ते निघालं आणि जूनअखेर ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेत तीन आठवडे दुसरं, आणि गंमत अशी की तिन्ही आठवड्यांत वरचं गाणं वेगळं होतं. व्हॅन मॅकॉयचं ‘द हसल’, मग ईगल्सचं ‘वन ऑफ दीज नाइट्स’, मग बी जीजचं ‘जाइव्ह टॉकिन’. तिन्ही नाचायची, निदान पाय हलवायची गाणी. आमच्या गाण्यावर नाचता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

पुढच्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बाहेर पडले. गिटारला व्हायोलिनसारखा अखंड सूर देणारं ‘गिझमो’ नावाचं यंत्र ते बनवत होते आणि त्यासाठी त्यांनी तीन रेकॉर्डांचा अवाढव्य अल्बम केला. तो चालला नाही. न संपणाऱ्या सुराची हाव त्यांना आधीपासून होती, ती आपल्या गाण्यात फळली आणि नंतर अंगाशी आली, असं मला वाटतं. उरलेल्या दोघांनी १९७८ साली ‘ड्रेडलॉक हॉलिडे’ हे क्रिकेटचा उल्लेख असलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर नेलं. आमच्याकडच्या बऱ्याच लोकांना टेन सीसी तेवढ्यावरून माहीत आहेत. स्ट्रॉबेरीत १९७९ साली जॉय डिव्हिजन या बँडने ‘अननोन प्लेझर्स’ रेकॉर्ड केलं, तेही त्या स्टुडिओचं मोठं काम. मग आवाज संगणकात साठवून पट्टीवर वाजवायची यंत्रं आली. चौघांनी तीन आठवड्यांत जे केलं ते एका बटणावर येऊन बसलं. स्टुडिओ १९९३ साली बंद झाला. इमारत वॉटरलू रोडवर आहे आणि तिच्यावर पाटी आहे. २०१७ साली गावच्या संग्रहालयाने पन्नाशीचं प्रदर्शन भरवलं आणि त्याला नाव दिलं ‘आय ॲम इन लव्ह’. स्ट्युअर्टने जे कबूल केलं नाही ते गावाने करून टाकलं.

हॉलिवूडच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या २०१४च्या सिनेमाची सुरुवात याच गाण्याने होते. इस्पितळात बसलेला लहान मुलगा वॉकमनवर ते ऐकत असतो. माझ्या नातवाने तिथूनच ते उचललं आणि मला विचारलं, आजोबा, हे ॲपने केलंय का? त्याला मी फेऱ्याचा प्रकार कागदावर काढून दाखवला. त्याने लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, एवढं करण्यापेक्षा माणसं का नाही बोलावली? प्रश्न रास्त आहे. ६२४ माणसं बोलावली असती तर ती कुठेतरी एकदम श्वास घ्यायला थांबली असती.

तुम्ही ऐकणार असाल तर फोनच्या भोंग्यावर नको, कानांवर हेडफोन लावून ऐका, आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त पाठीमागे काय चाललं आहे ते धरून ठेवा. आणि सहा मिनिटांची पूर्ण आवृत्तीच घ्या. रेडिओच्या सोयीसाठी चार मिनिटांच्या आत बसवलेलीही एक आहे. ती मी धंद्याच्या नजरेने तपासली. जोड स्वच्छ आहे, कुठे टिक् नाही, टुप् नाही. पण या गाण्यात कापण्यासारखं काही नव्हतं.